गाडीच्या पोटाखालचं डांबर

मे महिन्यात भुसावळात भरदुपारी स्प्रेपेंट करू नये हे कळायला माझ्या छोट्या मॉडेल गाड्यांच्या दोन प्लास्टिक बॉड्या वाया गेल्या. पारा ४५ च्या पुढे. डब्यातून निघालेला रंग गाडीवर पडेपर्यंत वाटेतच अर्धा सुकतो आणि हात फिरवला तर पॉलिशपेपर. रंग काढायला दुसरी बॉडी ब्रेक ऑइलमध्ये बुडवली आणि कपाळाला हात लावून बसलो. बसल्या बसल्या लक्षात आलं, हा खरखरीतपणा वर नको होता, पण खाली तर मी तोच दोन महिने शोधतोय!

टेबलावर तामिया या जपानी कंपनीची १:२४ मापातली, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याची, १९६६ ची फोक्सवॅगन बीटल होती. जोडायच्या किटमध्ये गाडीचं पोट गुळगुळीत येतं. खऱ्या गाडीचं तसं नसतं. पत्रा गंजू नये म्हणून खालून डांबरासारखं अंडरकोटिंग मारतात, त्याला दाणा असतो.

कामावरच्या शेडमधून सुटलो की आमच्या गल्लीच्या टोकाच्या गॅरेजात जाऊन खड्ड्यात उतरायचो. मिस्तरी अमळनेरकडचे, बोलणं अहिराणी. मी टॉर्च मारून मडगार्डच्या आतलं बघतोय म्हटल्यावर आधी त्यांना वाटलं, कुठे तेल गळतंय. मी विचारलं, सगळीकडे सारखं का नाही बसलं? म्हणाले, "भाऊ, ही काय रांगोळी शे का?" तिथेच अर्धं शिकलो. चाकाच्या मागे, जिथे खडी उडते, तिथे जाड थर. मधल्या फ्लोअरला पातळ. सायलेन्सरला कागद गुंडाळलेला असतो, पण त्याच्या क्लॅम्पवर चार थेंब उडालेलेच असतात.

तो दाणा आणायला पहिला प्रयोग रंगात खाण्याचा सोडा मिसळण्याचा. मॉडेलवाले सगळे हेच सांगतात, आणि माझ्या मते चुकीचं सांगतात. हिशेब करा. सोड्याचा कण ०.१ मिमी धरला, तर २४ पटीनं तो २.४ मिमी होतो. म्हणजे गाडीच्या पोटाला ज्वारीचे दाणे चिकटवल्यासारखं. खऱ्या कोटिंगचा दाणा १ मिमी असेल, तर माझ्या गाडीवर तो ०.०४ मिमीच हवा. शिवाय मी रंग पाण्याचा वापरला होता. त्यात थोडा सोडा विरघळला, उरलेल्याच्या गुठळ्या झाल्या. सगळं खरवडलं.

मग राख. दीपनगरच्या वीजकेंद्राची राख आमच्याकडे विटांना जाते. वीटवाल्याकडून वाटीभर आणली तेव्हा तो पैसे घेईना, कारणही विचारीना. कोळशाच्या भट्टीतून उडालेल्या या राखेचे कण बारीक आणि बहुतेक गोल असतात. दुहेरी मलमलीतून गाळली आणि मॅट काळ्या इनॅमलमध्ये चिमूट चिमूट टाकत गेलो, पातळ पिठल्याइतकं दाट होईपर्यंत. जुन्या ब्रशचे केस अर्धे कापून मडगार्डच्या आत नुसतं टोचत राहायचं. ओढायचं नाही, ओढलं की रेघा येतात. (राख गाळताना तोंडाला रुमाल बांधा. मी बांधला नाही, दोन दिवस खोकलो.)

मधल्या फ्लोअरला मात्र राख नाही. तिथे मे महिनाच कामाला लावला. दुपारी दोन वाजता गच्चीवर, जिन्याच्या सावलीत, दीड फुटावरून झटक्या-झटक्यानं फवारा. रंग कोरडा होतच खाली पडतो आणि बारीक रवाळ बसतो. चार हात मारले, दोन हातांत पाच मिनिटं. डबा उन्हात ठेवायचा नाही, एवढं पथ्य.

रंग नुसता काळा ठेवला तर खेळण्यातला दिसतो. थोडा तपकिरी, थोडा पांढरा घातला. वरून धूळ आपल्याच शेताची. ओली असताना काळीभोर दिसणारी आपली माती वाळवून कुटली की राखाडी होते, आणि तीच धूळ प्रत्येक गाडीच्या पोटाला असते. कोरड्या ब्रशनं लावली. त्यावर वार्निश मारलं तर पुन्हा ओल्यासारखी काळी पडते, म्हणून तशीच ठेवली. चाकासमोर सुईनं दोन-तीन टवके उडवले, खाली प्रायमर दिसेल इतपत.

रविवारी गाडी बुटाच्या खोक्यात घालून गॅरेजात नेली. मिस्तरींनी हात पुसले, उलटी धरून उजेडात बघितली. दाणा बघितला, धूळ बघितली, क्लॅम्पवरचे थेंब बघून हसले. मग करंगळीचं नख दाराखालच्या पट्टीवर टेकवलं.

"पाणी कथाईन जाई भाऊ?"

पट्टीतली पाणी निघायची भोकं. ०.५ मिमीच्या ड्रिलनं मीच पाडली होती, डाव्या बाजूला तीन, उजव्या बाजूला तीन, आणि रंगाच्या नादात सहाही बुजवली होती. आता ड्रिल हातात फिरवत एकेक उघडतोय. चार झाली.