वडाचा मळा

पहाटे पाचला फोन वाजला की म्हैस अडलीय, हे मी न उचलताच ओळखतो. गाईवाले निदान सातपर्यंत दम धरतात.

"डॉक्टर, म्हस रात्रीपास्नं कळा देतीया, खरं काय भाईर येईना. लगेच या की."

"कुठं यायचं?"

"येळ्ळूरला. फलकाकडनं उजवीकडं वळा. गड समोर धरून वडाच्या मळ्यात या."

लोकेशन मागितलं तर पोराने पाठवलं ते गावातल्या घराचं. म्हैस शिवारात.

बेळगावचं वडगाव सोडलं की दोन्ही बाजूला काळी रानं. भात निघून गेलेलं, ओलीवर पेरलेला मसूर वीतभर आलेला, वर धुकं. गाव कर्नाटकात, सीमावादातलं; 'महाराष्ट्र राज्य, येळ्ळूर' हा वेशीवरचा फलक प्रशासनाने 2014 सालीच काढला. मी निपाणीचा, इथं नोकरीला येऊन तिसरं वर्ष. फलक मी फक्त बातम्यांत बघितलेला. किटल्या लावून दूध घालायला निघालेल्या एकाला थांबवलं.

"फलक? ह्यो काय!" त्याने मोकळ्या जागेकडे बोट केलं. वडाचं विचारलं तर म्हणाला, "वड पडून गेला कवाच. मळा हाय न्हवं."

धुक्यात राजहंसगडही नव्हता. म्हणजे सांगितलेल्या तिन्ही खुणांपैकी एकही दिसत नसताना मी पोचलो, ते कुणीतरी बॅटरी हलवत बांधावर उभा होता म्हणून.

म्हैस बसून होती, डोळे खोल गेलेले. हात घातला तर वाट जिन्यासारखी वळत गेलेली. गर्भपिशवीला पीळ, उजवीकडचा. म्हशीत हे बरंच बघायला मिळतं, आणि अशा वेळी वासरू ओढायला जाणं म्हणजे म्हैस मारणं. घरच्यांनी आधी ओढलं नव्हतं, यातच निम्मं काम झालं होतं.

भाताचं पिंजर अंथरलं. म्हशीला उजव्या कुशीवर पाडली, पुढचे पाय एकत्र, मागचे एकत्र बांधले. बांधकामाची दहा फुटी फळी पोटावर आडवी टाकून तिच्यावर एक जण उभा केला. मग बाकीच्या पाच जणांनी दोऱ्या धरून म्हैस पिळाच्याच दिशेला उलथायची. पिशवी फळीखाली दबून जागेवर राहते, म्हैस तिच्याभोवती फिरते आणि पीळ सुटतो. ऐकायला सोपं. फळीवरचा गडी पहिल्या खेपेला सरळ मसुरात जाऊन पडला.

दुसऱ्या खेपेला हात घातला, वळी तशीच. तिसऱ्या खेपेला म्हैस उलथताच भसकन पाणी आलं आणि हात थेट आत गेला. खुरं लागली. बोटाने चिमटा काढला तर पाय मागे ओढला गेला. जिवंत! रेडी झाली. आजी बांधावरूनच ओरडली, "रेडी हाय व्हय? मग चांगलं!" रेडा असता तर इतक्या जोरात ओरडली नसती.

म्हैस उठल्यावर आजीने वाटीत चीक काढला आणि नातवाला हाक मारली.

"आजी, आधी रेडीला. पहिल्या तासा-दोन तासांत पोटात गेला पाहिजे."

"तुमचं खरं, डॉक्टर. खरं म्हसोबा तुमच्या आधीचा." मग जरा विचार करून तिने रेडीचं तोंड सडाला लावलं आणि पोराला म्हणाली, "पळ. दोघास्नी एकदमच."

शेंदूर लावलेला दगड बांधावर, माझ्या बॅगेपासून हातभर अंतरावर होता. पोरगं त्याच्यावरून उडी मारून मसुरात शिरलं, तीस-चाळीस पावलं गेलं आणि काहीच नसलेल्या जागी वाटी ओतून आलं.

"अरे, दगड इथं आहे की!"

"त्यो ट्रॅक्टरला आडवा येतोय म्हणून बांधावर आणलाय," वाटी पँटीला पुसत तो म्हणाला. "म्हसोबा तितंच हाय, वडाखाली."