पिकअपच्या इंजिनाला ऑइल कॅच कॅन बसवताना

टर्बो डिझेल पिकअपच्या टर्बोकडे (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या भागाकडे) जाणारी हवेची नळी सोडवून आत बोट फिरवले, तर बोटाला बहुतेक वेळा तेल लागते. नवखा मालक ते पाहून टर्बोचे सील गेले असे धरून चालतो आणि खर्चाच्या विचाराने धास्तावतो. प्रत्यक्षात हे तेल बऱ्याचदा क्रँककेसच्या, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोकळीच्या, ब्रीदर नळीतून (तेथला वायू बाहेर सोडणाऱ्या नळीतून) आलेले असते. पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या, तरी ज्वलनाचा थोडा वायू त्यांच्या कडेने खाली निसटतोच. हा निसटलेला वायू, म्हणजे ब्लो-बाय, क्रँककेसमध्ये कोंडून राहिला, तर दाब वाढून ऑइल सील आणि गॅसकेटमधून तेल पाझरू लागते, म्हणून त्याला वाट ठेवावी लागते. जुन्या गाड्यांत ही वाट सरळ खाली रस्त्याकडे सोडलेली असे. पुढे प्रदूषणाच्या नियमांमुळे, पेट्रोल गाड्यांत १९६० च्या दशकापासून आणि डिझेल गाड्यांत त्यानंतर, हा वायू पुन्हा इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा येण्याच्या वाटेत, वळवून जाळण्याची पद्धत रूढ झाली.

वायूबरोबर तेलाचे बारीक थेंबही इनटेकमध्ये जातात. त्यांचा थर इंटरकूलरमध्ये (टर्बोतून आलेली तापलेली हवा थंड करणाऱ्या भागात) बसतो. पण खरा त्रास पुढे मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळ्यांमध्ये, होतो, कारण तेथे ईजीआर व्हॉल्व्हमधून (एक्झॉस्टचा थोडा वायू पुन्हा इंजिनात सोडणाऱ्या झडपेतून) आलेली काजळी त्यांना भेटते. कोरडी काजळी बरीचशी पुढे निघून गेली असती. तेलात भिजली की ती डांबरासारखी चिकटते आणि हवेची वाट वर्षागणिक अरुंद होत जाते. डायरेक्ट इंजेक्शनच्या पेट्रोल इंजिनातही इनटेक व्हॉल्व्हवर असाच थर साचतो, कारण तेथे इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारले जात असल्याने व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत. ब्रीदर आणि इनटेक यांच्या मध्ये डबा बसवून तेल वाटेतच अडवणे, एवढेच कॅच कॅनचे काम आहे. आधी साचलेला थर तो काढत नाही, ताकद वाढवत नाही आणि झिजलेल्या रिंगांवर तर तो मुळीच उपाय नाही.

डबा निवडताना बाहेरच्या चकाकीकडे न पाहता झाकण उघडून आत पाहावे. आत आडपडदे किंवा स्टीलच्या तारेची जाळी नसेल, तर एका तोंडाने आलेला वायू दुसऱ्या तोंडाने तसाच निघून जातो आणि बारीक थेंबही त्याच्याबरोबर जातात. वायूचा वेग मंदावला, त्याला वळण घ्यावे लागले आणि तो जाळीतून गेला, म्हणजे थेंब एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि खाली ओघळतात. दोन्ही तोंडांचा आतला व्यास मूळ ब्रीदर नळीच्या व्यासापेक्षा कमी नसावा. तो अंदाजाने न ठरवता कॅलिपरने मोजावा, कारण डब्याच्या पोटात कितीही जागा असली तरी अरुंद तोंडाने दाब वाढायचा तो वाढतोच. काही डब्यांच्या तोंडावर लहान फिल्टर लावून वायू बाहेर हवेत सोडलेला दिसतो. ती सोय मला पटत नाही: बॉनेटखाली वास कोंडतो, प्रदूषणाचा नियम मोडतो आणि इनटेककडची मूळ जोडणी उघडी राहिली तर सेन्सरने न मोजलेली हवा आत जाते.

खरी मेहनत नळ्यांची वाट ठरवण्यात आहे, आणि घाई होते ती नेमकी येथेच. ब्रीदरपासून डब्यापर्यंतची नळी सतत उतरती असावी; मध्ये झोळ पडला, तर तेथे तेल आणि पाणी साचून वाट बंद होते, आणि कडाक्याच्या थंडीत तेच पाणी गोठून बूच बसते. नळी तेलाला टिकणारी, म्हणजे नायट्राइल रबराची घ्यावी. कूलंटची नळी हाताशी असते आणि दिसायलाही तशीच असते, पण तिचे रबर तेलाने फुगून मऊ पडते आणि आतून मिटू लागते. डबा बॉडीवर बसवला असेल, तर नळीला थोडी ढील ठेवणे आवश्यक आहे, कारण वेग घेताना इंजिन माउंटिंगवर एका बाजूला झुकते आणि ताणलेली नळी क्लिपमधून निसटते. जागा एक्झॉस्टपासून दूर आणि शक्य तितकी थंड असावी, कारण थंड डब्यात वाफेतल्या तेलाचे अधिक प्रमाणात थेंब होतात. ब्रॅकेट पक्का करण्यापूर्वी डब्याच्या झाकणावर मऊ मातीचा गोळा ठेवून बॉनेट हळूच लावावे आणि उघडून गोळा किती चपटा झाला ते पाहावे. बॉनेटच्या आतल्या पट्ट्या वरून दिसत नाहीत, पण मातीत त्यांचा ठसा स्पष्ट उमटतो.

जोडणी झाल्यावर केवळ गळती पाहून थांबू नये. पारदर्शक नळीचा इंग्रजी यू अक्षरासारखा बाक करून त्यात पाणी भरावे, तिचे एक टोक डिपस्टिकच्या (तेलाची पातळी पाहण्याच्या पट्टीच्या) नळीला घट्ट बसवावे आणि दुसरे उघडे ठेवावे. दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीतला फरक म्हणजे क्रँककेसचा दाब. ही मोजणी डबा बसवण्यापूर्वी आणि नंतर, त्याच आरपीएमवर आणि तितक्याच तापलेल्या इंजिनावर करावी. फरक ठळक वाढलेला दिसला, तर डबा, नळी किंवा तिचे एखादे वळण वायूला अडवत आहे, आणि ते दुरुस्त होईपर्यंत मूळ जोडणीच ठेवलेली बरी.

यानंतर प्रश्न रिकामे करण्याचा राहतो. सुरुवातीला दर १,००० किलोमीटरला डबा पाहावा आणि साठणारे प्रमाण कळले की त्यानुसार अंतर ठरवावे. निघणारा द्रव निव्वळ तेल नसतो. त्यात पाणी आणि थोडे इंधनही असते, आणि थंडीत, त्यातही छोट्या फेऱ्या जास्त असतील तर, तो पिवळट आणि दुधाळ दिसतो. तो पुन्हा इंजिनात ओतू नये, वापरलेल्या ऑइलबरोबर द्यावा. भरलेल्या डब्याकडे दुर्लक्ष करणे डिझेल इंजिनाच्या बाबतीत विशेष धोक्याचे आहे: साठलेले तेल एकदम इनटेकमध्ये ओढले गेले, तर इंजिन तेच इंधन म्हणून जाळू लागते आणि चावी बंद केल्यावरही त्याचा वेग वाढतच जाऊ शकतो. गाडीचा वापर तोच असताना साठणारे तेल एकाएकी वाढले, तर मोठा डबा शोधण्याऐवजी आधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासून घ्यावे, कारण रिंगा झिजल्या असण्याची शक्यता असते.