उंदीर, भाग 6: उजवीकडे झटकला की डावीकडे पळतो

सापडलं! मी घरी बनवत असलेल्या बिनवायरच्या कॉम्प्युटर माउसमधला, साडेतीन आठवडे डोकं खाणारा दोष काल रात्री दीड वाजता सापडला. अँटेनात नव्हता, बॅटरीत नव्हता, लेन्सच्या उंचीतही नव्हता. मागच्या भागात मी छातीठोकपणे ‘हा रेडिओचाच घोळ’ असं लिहिलं होतं. ते शब्द गिळते.

लक्षण आठवत असेलच. वायर लावली की माउस लोण्यासारखा चालतो. ब्लूटूथवर आणला की हळू हलवताना ठीक, पण जोरात उजवीकडे झटकला की कर्सर डावीकडे उडी मारतो. तेही दर वेळी नाही. कधी उलटा जातो, कधी बरोबर दिशेने पण आखूड.

रेडिओवर संशय म्हणून बॅटरी अँटेनापासून लांब सरकवली, त्यासाठी माउसचा तळ थ्रीडी प्रिंटरवर नव्याने छापला (चार तास, आणि एक कोपरा उचललाच). मग लेन्सपासून टेबलापर्यंतचं 2.4 मिमी अंतर फीलर गेजने (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) तपासलं. मग सेन्सरला वीज देणाऱ्या 1.8 व्होल्टच्या वाटेवर जादा कपॅसिटर. ते आणायला पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेले आणि वीस रुपयांच्या कपॅसिटरबरोबर चारशेची खरेदी करून आले. तरी ऑनलाइनपेक्षा गल्ली बरी. मला पहिलं सेन्सर मॉड्यूल ज्याने लेन्सशिवाय पाठवलं, त्याने ‘लेन्स वेगळी घ्यावी लागते’ हे पैसे पोचल्यावर सांगितलं होतं. गल्लीतला दुकानदार निदान आधी हसतो.

शेवटी सेन्सरचं पृष्ठभाग-गुणवत्तेचं रजिस्टर (टेबल त्याला किती नीट दिसतंय तो आकडा) स्क्रीनवर सतत छापत ठेवलं. आकडा भक्कम. म्हणजे 3360, माझा हालचाल मोजणारा सेन्सर, बिचारा खरं बोलत होता, वाटेत कोणीतरी खोटं करत होतं.

मग कीबोर्ड बाजूला सारून कागद घेतला. 800 सीपीआय (एक इंच सरकलं की 800 काउंट), सेकंदाला एक मीटर वेग, म्हणजे मिलिसेकंदाला साधारण 31 काउंट. यूएसबीवर मी दर मिलिसेकंदाला रिपोर्ट (माउस किती सरकला त्याचा निरोप) देते, तिथे 31 म्हणजे किरकोळ. ब्लूटूथवर लॅपटॉप दर 7.5 मिलिसेकंदांनी भेटतो. तेवढ्यात साठतात 236. आणि माझ्या रिपोर्टात एक्सला, म्हणजे आडव्या हालचालीला, जागा किती? आठ बिट. 127 च्या पुढे डबा भरतो आणि आकड्यातून 256 वजा होतात. 236 कोंबले की बाहेर पडतात उणे 20!

अर्ध्या वेगाला 118 होतात, ते आत मावतात, म्हणून हळू हलवताना सगळं शहाण्यासारखं. दीड मीटर वेगाला 354, त्यातून 256 गेले की 98: दिशा बरोबर, उडी आखूड. तिन्ही लक्षणं एका ओळीत बसली तेव्हा मी एकटीच मोठ्याने हसले. आई आतून म्हणाली, ‘झोप आता, उंदीर पळून नाही जाणार.’

काउंट साठवून एकदम पाठवायची युक्ती माझीच. भाग 4 मध्ये ‘बघा, रेडिओ कमी वेळा बोलतो, बॅटरी वाचते’ म्हणून मिरवलीही होती.

उपाय सोपा होता. डिस्क्रिप्टरमध्ये (रिपोर्टात काय कुठे आहे हे लॅपटॉपला सांगणाऱ्या तक्त्यात) एक्स आणि वाय सोळा बिटांचे, म्हणजे दोन-दोन बाइटांचे केले, फर्मवेअर (माउसमधला प्रोग्रॅम) फ्लॅश केलं, आणि माउस आणखी बिघडला. वर-खाली नेला की पान स्क्रोल होई. डावीकडे नेला की कर्सर मुंगीच्या पावलांनी वर चढे. यात अजून एक तास गेला. लॅपटॉपवरच्या लिनक्सने पेअरिंगच्या वेळचा जुना डिस्क्रिप्टर जपून ठेवला होता. त्यामुळे एक्सचा वरचा बाइट त्याला वाय वाटत होता आणि खऱ्या वायचा खालचा बाइट स्क्रोलचं चाक. ऋण आकड्याचा वरचा बाइट सगळा एकांचा, म्हणजे उणे एक, म्हणून ते वर चढणं. जोडणी मोडून नव्याने पेअर केलं आणि गाडी रुळावर आली. डिस्क्रिप्टरला हात लावलात तर आधी जुनी जोडणी उडवा, मग शिव्या द्या.

काल मग अर्धा तास नुसती वर्तुळं काढत बसले. बटणांखालच्या काइलच्या जीएम 8.0 स्विचांचा आवाजही आज जास्त गोड वाटतोय.

आता बॅटरी. मल्टिमीटरवर 21 मिलिअँप दिसतात, हात लावला तरी आणि नाही लावला तरी. 400 एमएएचच्या सेलवर एकोणीस तास. दर रात्री चार्जिंगला लावायचा तर वायर काढली कशाला? म्हणून पुढचा बोर्ड कमी वीज खाणाऱ्या 3610 सेन्सरवर करायचं ठरवलं होतं, आजच मागवणार होते.

पण थांबा. ‘हात नाही लावला तरी’ हे वर लिहिताना खटकलं, म्हणून डेटाशीट उघडलं. 3360 सुरू करताना त्याच्या कॉन्फिग 2 या रजिस्टरमध्ये काय लिहायचं ते तिथे स्वच्छ छापलंय: वायरच्या माउसला हेक्स 00, बिनवायरच्या माउसला हेक्स 20. त्या एका बिटाने, माउस हलत नसताना सेन्सरने घ्यायची विश्रांती चालू होते. मी सुरुवातीचा कोड उचलला होता वायरच्या माउसचा. तिथे 00 आहे.

20 करून पाहिलं. हात काढल्यावर आकडा 5 मिलिअँपच्या खाली आला. 3610 ची ऑर्डर कार्टमधून काढली. आज रात्री सेल पूर्ण भरून ठेवते, पुढच्या भागात तास मोजून सांगते.