माझ्या कामाची चिकटवही

स्क्रॅपबुक म्हटलं की बाळाचे फोटो, ट्रिपची तिकिटं, वाढदिवसाची कार्डं एवढंच डोळ्यासमोर येतं. मी मात्र गेली काही वर्षं माझ्या कामाची चिकटवही करतेय आणि मनापासून सांगते, करिअरचे निर्णय घेताना बायोडेटापेक्षा तीच जास्त उपयोगी पडली.

बायोडेटात फक्त शेवट असतो, हे केलं, ते पूर्ण केलं, झालं. चिकटवहीत मधलं सगळं राहतं, म्हणजे घाईत काढलेला पहिला आराखडा, वर्कशॉपचा बॅज, कुणीतरी आवर्जून पाठवलेल्या थँक्यू मेलची प्रिंट, अगदी नकाराचं पत्रसुद्धा. हो, नकार पण चिकटवायचा, कारण त्यानंतर आपण काय केलं ते पुढच्याच पानावर दिसतं.

पण नुसतं चिकटवून काही होत नाही. स्क्रॅपबुकवाले ज्याला जर्नलिंग म्हणतात, म्हणजे फोटोच्या बाजूला हाताने लिहिलेला मजकूर, खरा जीव त्यात आहे. मी तारीख लिहिते, त्यात नेमकं माझं काम काय होतं ते लिहिते आणि करताना कसं वाटलं तेही लिहिते. हे शेवटचं बरेच जण गाळतात, प्लीज गाळू नका! एकदा निवांत बसून सगळी पानं उलटली तेव्हा लक्षात आलं की ज्या कामांसाठी माझं कौतुक झालं तिथे मी जेमतेम दोन ओळी लिहिल्यात आणि नवीन आलेल्यांना काम शिकवलं त्या पानांवर समासातसुद्धा जागा उरलेली नाही. मी ट्रेनिंगच्या कामाकडे वळले ती त्यानंतरच, तोपर्यंत ही आवड आहे हे मला कुणी विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं.

अप्रेजलच्या वेळी तर फारच मदत होते, कारण बॉसला काय आणि आपल्याला काय, शेवटच्या दोन-तीन महिन्यांचंच आठवत असतं, वर्षाच्या सुरुवातीला केलेली मेहनत कुठल्या कुठे गेलेली असते. इंटरव्ह्यूला जायच्या आधी पण मी वही चाळते, उदाहरणं आपोआप सुचतात.

पुढचं ठरवायला एक पान वेगळं ठेवा. हवीहवीशी वाटणारी नोकरीची जाहिरात चिकटवायची, येत असलेल्या गोष्टींखाली एका रंगाने रेघ, शिकायच्या गोष्टींखाली दुसऱ्या. व्हिजन बोर्डवर नुसती स्वप्नांची चित्रं लावण्यापेक्षा मला हे जास्त पटतं, कारण आता काय शिकायचं ते समोर दिसतं.

चिकटवायचा कंटाळा मात्र सगळ्यांनाच येतो, अमेरिकन लेखक मार्क ट्वेनने तर 1873 साली आधीच गोंद लावलेल्या पानांच्या स्क्रॅपबुकचं पेटंट घेतलं होतं, गोंद ओला केला की कात्रण चिकटलं! आपल्याला ग्लू स्टिक पुरते. कागद शक्यतो ॲसिड-फ्री घ्या. वर्तमानपत्राच्या कागदात लिग्निन हा लाकडातला घटक असतो म्हणून तो पिवळा पडतो, तर कात्रणाची चांगल्या कागदावर कॉपी काढून ती लावा. थर्मल पेपरवरच्या, म्हणजे शाईऐवजी उष्णतेने छापलेल्या, पावत्या नि तिकिटांची पण तशीच कॉपी काढा, त्यावरची अक्षरं उडून जातात. पीव्हीसीचे प्लास्टिक कव्हर टाळा, फोटो खराब होतात.

आणि ऑफिसची गोपनीय कागदपत्रं, क्लायंटची नावं, आकडे हे अजिबात चिकटवायचं नाही. त्या कामाबद्दल आपल्या शब्दांत, आपल्यापुरतं लिहायचं. मी सुट्या पानांची रिंग फाइल वापरते, पानं मागेपुढे करता येतात आणि एखाद्या पानावर नंतर काही सुचलं तर तिथेच नवीन पान घालता येतं.