चालतंय काय?

बेळगावच्या उद्यमबागेत मी ज्या कारखान्यात आहे तिथं हायड्रोलिक व्हॉल्व्हचे स्पूल होतात. बोटाएवढा पोलादी दांडा. तो ज्या भोकात सरकतो ते भोक आणि तो, यांच्यात फरक थोड्याशा मायक्रॉनचा. त्याच्यापुढं डोक्यावरचा केस म्हणजे दोरखंड. माझं काम मोजायचं. मायक्रोमीटर लावायचा, आकडा लिहायचा, मापात नसेल तर जॉब बाजूला. आणि बाजूला ठेवला की मशीनवरचा गडी हमखास म्हणणार, "पाच मायक्रॉननं काय होतंय? चालतंय की!" बारा वर्षं झाली, या 'चालतंय की'शी माझं भांडण सुरू आहे.

आता तोच शब्द गल्लीच्या तोंडाशी माझी वाट बघत उभा असतो. गाडी वळवली की दूधवाला विचारतो, "काय, चालतंय काय बाळ?" चक्कीवर तेच. भाजीवाली मावशी मेथीची जुडी पिशवीत टाकता टाकता तेच. मेव्हण्याचा खानापुराहून फोन आला, तर 'पाऊस हाय काय'नंतरचा दुसरा प्रश्न हाच.

मनूला ऑगस्टात वर्ष झालं. चालत नाही. धरून चालते. दिवाणाची कड, तिथून खुर्ची, खुर्चीवरून आईच्या लुगड्याचा सोगा, असा तिचा एक ठरलेला रूट आहे. मध्ये हातभर मोकळी जागा आली की खाली बसते आणि रांगत पार करते. रांगण्यात तिचा वेग असा आहे की पायांवर उभं राहून तो घालवायचा म्हटलं तर मी पण दोनदा विचार करीन.

मी मोजणारा माणूस, म्हणून माप शोधलं. जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ साली भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा पाच देशांतल्या मुलांवरून काढलेलं आहे. आधाराशिवाय चालणं: ८.२ महिने ते १७.६ महिने. मी दोनदा वाचलं. म्हणजे साडेनऊ महिन्यांच्या आसपासचा टॉलरन्स, मापातली सूट! एवढा आमच्याकडं मिळाला असता तर एकही जॉब रिजेक्ट झाला नसता आणि मला पगार कशाचा देतात हे मालकाला कळलं नसतं. त्याच तक्त्यात असंही आहे की शंभरातली चारेक मुलं हात-गुडघ्यांवर रांगतच नाहीत. हे आईला वाचून दाखवलं. ती भाकरी थापत म्हणाली, "तुझा काका नव्हता रांगला. ते लिहायला एवढी माणसं कशाला?"

शेजारच्यांनी बारशाला तो गोल वॉकर दिला होता, मध्ये बसायची झोळी आणि खाली चाकं. डॉक्टरांनी नको म्हणून सांगितलं. पोर त्यात स्वतःच्या पायावर उभं राहत नाही, पण क्षणात जिन्यापाशी किंवा चहाच्या आधणापाशी पोचतं. कॅनडात तर २००४ पासून तो विकायलाच बंदी आहे. वॉकर माळ्यावर गेला आणि त्याच माळ्यावरून पांगुळगाडा खाली आला.

हा माझा. आबांनी माझ्यासाठी गोकाकहून आणलेला. त्या दिवशी ते तिथली मिठाई, करदंट, आणायचं विसरले, हा आईचा राग अजून ताजा आहे. लाकडाची लाखेरी तांबडी-पिवळी दांडी, तीन चाकं. रंग उडालाय आणि डावं चाक लडबडत होतं. मापं घेऊन लेथवरच्या मित्राकडून त्याला पितळी बुश करून घेतला. स्पूलच्या कंपनीतला बुश पांगुळगाड्याला! आता ते चाक असं फिरतं की एक टिचकी मारली तर बराच वेळ नुसतं गुणगुणत राहतं. चूक तिथंच झाली. मनूनं गाडा एकदाही ढकललेला नाही. ती तो आडवा पाडते, पुढ्यात बसते आणि एका बोटानं डावं चाक फिरवते. थांबलं की पुन्हा. उजवं चाक एकदा फिरवून बघितलं, खडखडलं, तर हात मागं घेतला. परत त्याला शिवली नाही. घरात दुसरा इन्स्पेक्टर आला म्हणायचा.

चालतंय काय, हे सगळे विचारतात. 'चिमटीत धरतंय काय' कुणी विचारत नाही. सहा महिन्यांपूर्वी ती मुठीनं चिरमुरे उचलायची आणि निम्मे मुठीतच राहायचे. आता अंगठा आणि तर्जनी अशी टोकाला टोक लावून एकच चिरमुरा उचलते की व्हर्निअरचे जबडे मिटावेत. फक्त तेवढं चिरमुऱ्यावर थांबत नाही. मुंगी, बायकोची पडलेली टिकली, लसणाचं साल. एकदा बसल्या बसल्या काहीतरी चमकणारं उचलून तोंडाकडं नेलं. बघतो तर लोखंडाचा कीस, माझ्या बुटाला चिकटून आलेला. बायको काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून बूट उंबऱ्याच्या बाहेर, पाऊस असो नसो. भाद्रपदातल्या वडगावच्या पावसात बूट रात्रभर बाहेर म्हणजे काय ते सकाळी पाय घातल्यावर कळतं.

टाकणं हीसुद्धा एक विद्या आहे. खुर्चीत बसवलं की चमचा खाली. दिला की खाली. मान वाकवून तो कुठं गेला ते बघते, मग माझ्याकडं बघते. वाटी पडल्यावरचा आवाज वेगळा, बाहुली पडल्यावरचा वेगळा, माझा फोन बादलीत पडल्यावरचा अगदीच वेगळा. आमच्यात याला टेस्टिंग म्हणतात आणि त्याचे पैसे घेतात.

खाण्यातही तसंच. गुरगुट्या भात तोंडात गेला पाहिजे हे तिला मान्य आहे, कुणाच्या तोंडात ते ठरलेलं नाही. एक घास तिला, एक माझ्या नाकाला. पोट भरलं की पंजा दाखवते आणि म्हणते, "साकु." हे समोरच्या कानडी अक्कांचं शिक्षण. दुपारी दोन तास ती त्यांच्या कट्ट्यावर असते. आमच्या घरात 'बास' म्हणतात, पण बास म्हटलं तर आई आणखी एक घास भरवतेच. साकु म्हटलं की अक्का थांबतात. कुठला शब्द उपयोगाचा आहे हे पोरीनं बरोबर ओळखलं.

'बा'वरून मात्र घरात एकमत नाही. पहिला शब्द 'बा'. मी दिवसभर खूश होतो. संध्याकाळी बघतो तर कावळ्याला बा, मांजराला बा, घंटागाडीला बा. कट्ट्यावरून अक्का दोन्ही हात पसरून "बा, बा" करतात, म्हणजे कन्नडात 'ये'. त्या हाकेवरच ती पहिल्यांदा उंबरा चढून पलीकडं उतरली. आमच्याकडं पोरानं उंबरा ओलांडला की कानवले करतात. त्या दिवशी आईला संधिवातानं धरलेलं, म्हणून मी कुंदा आणून गल्लीत वाटला. अक्कांकडं द्यायला गेलो तर त्यांनी आधीच स्वतःचा लाडू तिच्या हातात दिलेला. म्हणजे उंबरा ओलांडल्याचं श्रेय त्यांनी परस्पर जमा करून घेतलेलं! मी आजही म्हणतो, कावळ्याला म्हणते तो 'ये', मला म्हणते तो 'बाबा'.

अमेरिकेत २०१२ साली कुणी मोजलं होतं. बारा ते एकोणीस महिन्यांची चालणारी मुलं खेळताना तासाला सरासरी २३६८ पावलं टाकतात आणि १७ वेळा पडतात. हे वाचल्यावर मलाही हुरूप आला. रविवारी खडू घेऊन बसलो, आपटली की दाराच्या चौकटीवर एक रेघ. नऊ रेघा झाल्यावर बायकोनं विचारलं, "नुसता मोजत बसलायस? एकदा तरी उचलशील काय?" खडू गेला. रेघा आहेत.

परवाच्या रविवारची गोष्ट. वडगावात माग पहिल्याएवढे राहिले नाहीत, तरी आमच्या पाठीमागच्या घरात दोन अजून चालतात. तो खटखट आवाज सुरू असला की मनू दिवाणाला धरून गुडघ्यात लवत राहते, आणि लाइट जाऊन माग थांबला की तीही थांबते. पाऊस होता. पांगुळगाडा कुणीतरी दिवाणावर उलटा टाकला होता, चाकं वर. ती दिवाणाच्या कडेला उभी राहिली. एका हातानं कड धरलेली, दुसऱ्या हातानं डावं चाक. फिरवलं. चाक गुणगुणलं. मग ते थांबवून बघावं असं तिला वाटलं असणार. दुसरा हातही उचलला आणि चाकाच्या दोन्ही अंगांना लावला. लाइट गेली. माग थांबला. तिनं चाक सोडलं, वळून पंख्याकडं बघितलं आणि हात तसेच हवेत, कशाला न धरता, उभी राहिली.

मी श्वास धरला. तीन, चार, पाच. तिला माहीतच नव्हतं. पंखा थांबेपर्यंत ती बघत राहिली. मग स्वतःच्या मोकळ्या हातांकडं नजर गेली आणि धप्प.

"काय पडलं रे?" आई आतून ओरडली.

"काही नाही," म्हटलं. "बसली."