पेट्रोलच्या टँकरवर रुजू होताना: माझा अनुभव

नांदगाव, येवला, चांदवडकडची बरीच पोरं सध्या कांद्याच्या गाड्या सोडून पानेवाडीच्या इंधन डेपोंच्या टँकरवर जायचं म्हणतात. मीही त्याच वाटेने गेलो. मनमाडजवळच्या या डेपोंमधून इंधन नेणाऱ्या एका वाहतूकदाराकडे मी कामाला आहे. फोनवर सगळे एकच विचारतात, "ट्रक तर येतोच चालवता, मग ट्रेनिंगमध्ये शिकवतात काय?" त्यांच्यासाठी हे लिहितोय. गाडी चालवणं हा त्यातला निम्मा भाग. उरलेला निम्मा भाग मागच्या टाकीत काय आहे ते ओळखण्याचा आहे, आणि तो शिकल्याशिवाय कुणी स्टिअरिंगला हात लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी कागद. अवजड वाहनाचं लायसन्स, आधार, पोलिसांची चारित्र्य पडताळणी, डॉक्टरचा दाखला. डोळ्यांची तपासणी नीट होते, त्यामुळे चष्मा लागत असेल तर आधीच करून घ्या. आठवी पासची अट 2019 मध्ये निघाली. पण धोकादायक माल वाहायचा तर 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम 9 लागतो. त्यात ड्रायव्हरला एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता यावी असं म्हटलंय. इंग्रजीचं नाव काढलं की आपल्याकडची पोरं माघार घेतात. घेऊ नका. टाकीवरची पाटी, कागदावरचं मालाचं नाव, व्हॉल्व्हवरच्या सूचना वाचता येण्याशी मतलब आहे. रोज संध्याकाळी थोडा सराव केला तर तेवढं जमतं.

त्याच नियमाप्रमाणे 3 दिवसांचा वर्ग असतो. पहिले दोन दिवस गाडी चालवण्याचे: अपघात का होतात, ब्रेक दाबल्यावर गाडी किती अंतर घेते, रेल्वे फाटक, रात्रीचं ड्रायव्हिंग, उतार, निघण्याआधी गाडीभोवती फिरून काय काय बघायचं. प्रत्येकाची वेगळी चाचणीही होते. जुने ड्रायव्हर इथे कंटाळतात, पण मला त्यातली गाडीभोवती फिरायची सवय फार मोलाची वाटते. टायर, नट, व्हॉल्व्हची झाकणं, गळती, आग विझवायचा सिलिंडर, हे सगळं खाली उतरल्याशिवाय दिसत नाही.

तिसरा दिवस मालाचा, आणि खरा तोच. टाकीवरच्या नारिंगी पाटीवर 1203 लिहिलं असेल तर आत पेट्रोल, 1202 असेल तर डिझेल. पेट्रोलच्या पाटीवर 3YE असंही लिहिलेलं असतं. त्यातला 3 म्हणजे आग लागली तर फेस मारा. शेवटचं अक्षर सांगतं की आसपासची माणसं हलवायचा विचार करा. ही पाटी मी वर्षानुवर्षं हायवेवर बघत होतो. ती अग्निशमनवाल्यांशी बोलते, हे वर्गात कळलं.

मग वाफेचा विषय. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत सरकत खड्ड्यात, गटारात साठते आणि दूरवर कुणी काडी ओढली तर तिथून आग उलट गाडीपर्यंत येते. पेट्रोल शून्याखाली चाळीस अंशांच्या आसपासही पेटण्याइतकी वाफ सोडतं, म्हणजे आपल्याकडच्या थंडीचा त्याला काही फरक पडत नाही. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे रिकामा टँकर. माल उतरला की ड्रायव्हर निवांत होतो, ढाब्यावर लावतो, बाजूला वेल्डिंग चालू असलं तरी त्याला काही वाटत नाही. पण भरलेल्या टाकीत हवेला जागाच कमी असते. रिकाम्या टाकीत वाफ आणि हवा यांचं पेट घेणारं मिश्रण तयार होतं. रिकाम्या टँकरला वेल्डिंगवाल्याजवळ नेऊ नका, हे मी भेटेल त्याला सांगतो.

याच दिवशी विहिरी, नद्या आणि तळी कशी वाचवायची तेही शिकवतात. नियमाच्या अभ्यासक्रमातच ते आहे. गळती झाली तर माती-वाळूचा बांध घालून माल ओढ्याकडे जाऊ द्यायचा नाही. आमचा भाग पाण्याला महाग. मनमाडात नळाला पाणी कधी येतं ते इथल्या बायकांना विचारा. एका विहिरीत पेट्रोल उतरलं तर त्या वस्तीचं काय होईल, हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. शहरातला शिकवणारा या मुद्द्यावरून पटकन पुढे जातो. तुम्ही त्याला थांबवा आणि नीट विचारा.

अपघात झाला तर पहिल्यांदा इंजिन बंद, मास्टर स्विच बंद, पोलीस आणि अग्निशमन दलाला फोन. केबिनमधलं ट्रेम कार्ड त्यांच्या हातात द्यायचं, कारण त्यावर माल कोणता आणि उपाय काय ते लिहिलेलं असतं. आणि गर्दी लांब ठेवायची. टँकर उलटला की लोक कॅन, बादल्या घेऊन धावत येतात. सांडलेलं इंधन फुकटचं वाटतं त्यांना. हात जोडा, ओरडा, पण त्यांना मागे हटवा.

आता एक गोष्ट मन घट्ट करून लिहितो. 25 जानेवारी 2011 ला मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना मनमाडजवळच तेलात भेसळ करणाऱ्यांनी जिवंत जाळलं. या भागात टँकरवर काम करणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असलं पाहिजे. टाकीचं कुलूप, सील, जीपीएस, कुठे किती वेळ थांबलात याची चौकशी या सगळ्याचा नव्या ड्रायव्हरला राग येतो, आपल्यावर संशय घेतात असं वाटतं. मला तसं वाटत नाही. वाटेत कुणी "दोन कॅन काढू दे, पैसे घे" म्हणालं तर "कुलूप माझ्या हातात नाही" हे उत्तर ड्रायव्हरचा जीव वाचवतं.

वर्गाचं प्रमाणपत्र घेऊन आरटीओत लायसन्सवर नोंद झाली की डेपोचं गेट उघडतं. मोबाईल, काडेपेटी, लायटर गेटवर जमा. सुती कपडे आणि बूट घाला. गँट्रीवर, म्हणजे टँकर भरायच्या जागी, गाडी लागली की आधी अर्थिंगची क्लिप, मग बाकी सगळं. इंधन वाहताना स्थिर वीज तयार होते आणि ती जमिनीत उतरायला वाट लागते. घाई असो, ऊन असो, क्लिप आधी.

त्यानंतर जुन्या ड्रायव्हरसोबत शेजारच्या सीटवर बसायचं. माझे वस्ताद मालेगावचे. फार बोलत नाहीत, पण बोलले की लक्षात राहतं. राहुड घाटात मला म्हणाले, "पोरा, ज्या गिअरमध्ये चढशील त्याच गिअरमध्ये उतरायचं. ब्रेकवर घाट उतरवू नको, लायनर तापले की गाडी कुणाचीच नाही." मी विचारलं, "वस्ताद, भरलेली गाडी जास्त अवघड का?" ते म्हणाले, "अर्धवट भरलेली." डोक्यावरच्या अर्ध्या हंड्यातलं पाणी चालताना जसं हिंदकळतं, तसं अर्ध्या कप्प्यातलं इंधन वळणावर एका बाजूला धावतं आणि गाडीला ओढतं. ब्रेक दाबल्यावरही ते मागून धक्का देतं. टाकीत कप्पे आणि आडवे पत्रे असतात ते हा धक्का कमी करायला. तरी वळणाच्या आधीच वेग कमी केला पाहिजे, वळणात शिरल्यावर नाही.

पंपावर माल उतरवणं हेही आपलंच काम. गाडी लावल्यावर थोडा वेळ थांबायचं, अर्थिंग जोडायचं, आग विझवायचा सिलिंडर काढून जवळ ठेवायचा, मग पंपवाला डिप (टाकीत इंधन किती उंचीपर्यंत आहे ते) आणि घनता बघतो. 15 अंशांवर आणलेली घनता चलनावरच्या आकड्यापेक्षा 3 किलो प्रति घनमीटरपेक्षा जास्त इकडे-तिकडे असेल तर तो माल घेत नाही, आणि ते बरोबरच आहे. घनता मोजायचा हायड्रोमीटर वाचायला शिका, म्हणजे वाद झाला तर तुम्हाला स्वतःला आकडा दिसेल.

रुजू होण्याआधी मालकाला हे सरळ विचारा: वर्गाची फी कोण भरणार? शेजारच्या सीटवर बसायच्या काळात पगार मिळणार की नुसता भत्ता? माल कमी भरला तर कापणार कुणाच्या पगारातून? उत्तर कागदावर मागा. आणि ओरिजिनल लायसन्स कुणाकडेही ठेवू नका. माझ्या ओळखीच्या एका पोराचं लायसन्स मालकाने अडकवून ठेवलं होतं, नोकरी सोडायला निघाला तर परत मिळेना. झेरॉक्स द्या, मूळ प्रत खिशात ठेवा. धोकादायक मालाच्या लायसन्सची मुदत पूर्वी 1 वर्ष होती, 2019 च्या दुरुस्तीनंतर ती 3 वर्षं झाली. नूतनीकरणाच्या वेळी उजळणीचा वर्ग करावा लागतो, त्यामुळे तारीख संपायच्या महिनाभर आधीच त्याची चौकशी सुरू करा.