चाक आणि पाणी, दोघांचं जमेना

जुन्या पाणचक्कीचा फोटो काढताना मी सुरुवातीला एकच हट्ट धरायचो: पाणी रेशमासारखं दिसलं पाहिजे. म्हणून कॅमेऱ्याचं शटर दोन सेकंद उघडं. पाणी सुंदर आलं, पण चाकाचा पार लगदा! घरी येऊन बघितलं तर मधोमध तपकिरी धूर.

आता आधी चाक बघतो. पाणी वरून पडतंय की खालून ढकलतंय? वरून पडणाऱ्या पाण्यावरचं चाक पाण्याच्या वजनाने फिरतं, खालचं धारेच्या धक्क्याने. जॉन स्मीटन या इंग्रज अभियंत्याने १७५९ मध्ये प्रयोग मांडून दाखवलं की वरचं चाक कितीतरी जास्त काम देतं. मला त्याचा उपयोग वेगळाच: वरच्या चाकाचे कप्पे भरून उतरताना कडेने पाणी सांडतं, आणि तीच कड उन्हात चमकते. शटर १/८ सेकंदाच्या आसपास ठेवलं की पाणी ओढल्यासारखं दिसतं आणि हळू फिरणाऱ्या चाकाच्या फळ्याही ओळखू येतात. चाक बंद असेल तर मात्र खुशाल दोन सेकंद!

लेन्सवर पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारी फिरती काच, लावतोच. ओल्या शेवाळावरची पांढरी झाक गेली की आतला हिरवा रंग वर येतो. उजेड दीडएक स्टॉपने घटतो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), ते बरंच, शटर जास्त वेळ उघडं ठेवता येतं. फक्त काच फार फिरवली की तळ्यातलं चक्कीचं प्रतिबिंबही पुसलं जातं. परवा नेमकं तेच केलं, आणि कळलं ते सामान आवरल्यावर.